जमना म्हैस आणि पन्नासची लेन्स

गाताडे फोटोवाल्यानं स्टुडिओ बंद करून म्हैस घेतली, ही बातमी दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर उत्तरेश्वर पेठेत दुधाच्या किटल्यांबरोबर घरोघर पोचली. सकाळी निघाली तेव्हा म्हैस एकच होती. पानपट्टीपर्यंत दोन झाल्या, त्यातली एक गाभण. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी तिचं दूधही काढून पाहिलं आणि पातळ आहे असा निकाल दिला.

खरं एवढंच होतं की शशिधर गाताडे रोज सकाळी गुंडू चौगुल्याच्या गोठ्यात जात होता. म्हैस गुंडूची, दावं गुंडूचं, शेण काढणारी बायकोही गुंडूचीच. शशिधर जायचा तो गळ्यात कॅमेरा अडकवून, आणि यायचा तो पायाला शेण लावून. त्याला एक लेन्स पारखायची होती. आता लेन्स पारखायला माणूस रंकाळ्यावर जातो, पन्हाळ्यावर जातो, अगदीच आळशी असला तर बायकोला खिडकीत उभी करतो. हा गोठ्यात का गेला, हे पेठेत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हैस घेतल्याची मजा गेली असती.

शशिधर मूळचा निपाणीकडचा. घरात आईला अव्वा म्हणायची रीत, भांडण कन्नडात आणि समजूत मराठीत. ब्याण्णव साली त्यानं पेठेत स्टुडिओ टाकला तेव्हा मागच्या पडद्यावर काश्मीरचं सरोवर रंगवून घेतलं. रंगवणाऱ्या पेंटरनं जन्मात रंकाळ्याशिवाय दुसरं पाणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काश्मीरच्या पाण्यात रंकाळ्यातला संध्यामठ उगवला. कुणाची तक्रार आली नाही. पेठेतल्या निम्म्या पोरींची स्थळं त्या पडद्यासमोर उभं राहून जमली, आणि सासरची माणसं कौतुकानं म्हणाली, मुलगी फिरलेली दिसते.

माणूस कामाला चोख. खोड एकच. पारखल्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि पारखणं काही केल्या संपायचं नाही. चप्पल लाईनीत तो शिरला की दुकानदार बसायचं स्टूल आत घ्यायचे. कापशी चप्पल पायात घालून हा दुकानाच्या मधोमध उभा राहायचा. चालायचा नाही, नुसता उभा. काय करालाय विचारलं तर म्हणायचा, "पाय काय म्हणतोय बघालोय." एकदा स्कूटर घ्यायचं मनात आलं, तर त्यानं पेठेतल्या सगळ्यांच्या स्कूटरी मागून चालवून पाहिल्या. इतकी वर्षं पाहिल्या की कंपनीनं ती स्कूटर काढायचीच बंद केली. त्यावर शशिधरनं सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं घेतली न्हाई," म्हणाला, "टिकणारी नव्हती."

त्याची बायको महानंदा लग्नाआधीची गोष्ट अजून सांगते. बघायला आला तेव्हा तिला त्यानं आधी खिडकीकडं तोंड करून बसायला सांगितलं, मग खिडकीकडं पाठ करून. "मला वाटलं डोळ्याचा डॉक्टर आलाय," ती म्हणते. निरोप यायला एवढा वेळ लागला की तिच्या वडिलांनी दुसरं स्थळ शोधायला काढलं. शेवटी अव्वानंच परस्पर होकार कळवून टाकला. शशिधरचं मत अजून आलेलं नाही, असं महानंदा पाहुण्यांना चहा देता देता सांगते, आणि शशिधर बशीत बघत चहा पितो.

अशा माणसाच्या हातात व्हिडिओ निघणारा नवा कॅमेरा आला तो त्याच्या दोषानं नव्हे. मेव्हणा वीरेश परदेशातनं येताना घेऊन आला. फोटोच्या कॅमेऱ्यातच आता शूटिंग निघतं म्हणाला, आणि हातात ठेवून गेला. पारखायची संधी गेली, याचं शशिधरला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

त्या कॅमेऱ्यावर खरं ओझं पडलं ते वडगावच्या रुद्राप्पांमुळे.

पेठ वडगावचे रुद्राप्पा म्हणजे गुळाचे जुने व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी उभं राहावं. त्यांच्या घरातली सगळी लग्नं शशिधरनं काढली होती. फोटो त्याचे आणि व्हिडिओही त्याचाच. तेव्हाचं शूटिंग म्हणजे खांद्यावर मोठा कॅमेरा, शेजारी काठीवर हॅलोजनचा दिवा धरलेला एक गडी, आणि त्याच्यामागं वायर सोडत-गुंडाळत पळणारा दुसरा. दिवा तोंडावर आला की नवरी डोळे मिटायची, करवली पदर घ्यायची आणि जेवणारा माणूस जिलबी ताटात परत ठेवायचा.

रुद्राप्पांच्या नातवाच्या लग्नात अक्षता पडता पडता तो हॅलोजन फुटला. फटाक्यासारखा आवाज झाला. लग्न लावणारे स्वामी मंत्र म्हणता म्हणता थांबले. काचेचा एक तुकडा नवऱ्याच्या फेट्यात अडकला. लागलं कुणालाच नाही, पण म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आणि त्यांनी बघितलं म्हणजे ते कायमचं बघितलं. पुढं त्या घरात जे जे बिघडलं, म्हणजे विहिरीवरची मोटर, थोरल्याची दाढ, गुळाचा भाव, ते सगळं त्या दिव्याच्या नावावर लागलं.

आता रुद्राप्पांच्या नातीचं, सुष्मिताचं लग्न ठरलं. त्या घरात लग्न करायचं ते घरच्याच गुळाच्या वखारीत, ही जुनी रीत. वखारीला खिडक्या म्हणाव्यात तर दोन झरोके, आणि भिंती वर्षानुवर्षं गुळाच्या वाफेनं काळवंडलेल्या. रुद्राप्पांनी शशिधरला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "शशी, ह्या खेपेला दिवा न्हाई. फोटोचा चमकाराबी न्हाई. हाय त्या उजेडात शूटिंग करून दावतोस, तर लग्न तुझं. न्हाईतर राजारामपुरीतल्या पोराला सांगतो, त्यो तयारच बसलाय."

"बघून सांगतो, अप्पा," शशिधर म्हणाला.

"बघ. पण पुढच्या बाजाराच्या आत बघ. तुझं बघणं मला ठावं हाय."

राजारामपुरीतल्या स्टुडिओनं तोवर शशिधरची बरीच घरं खाल्ली होती. तिथं नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलातनं बाहेर काढायचे, चंद्रावर बसवायचे. मोठं म्हणावं असं एक वडगावचंच घर उरलं होतं. तेही गेलं, तर पुढचं आयुष्य शाळेच्या दाखल्याचे आणि ओळखपत्राचे फोटो कापण्यात जाणार, हे शशिधरला ठाऊक होतं. महानंदालाही ठाऊक होतं.

कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स वखारीत नेऊन पाहिली, तर चित्रावर सगळीकडं रवा पेरल्यासारखं दिसलं. मग लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या दुकानदारानं पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, लेन्स बघायला म्हणून दिली. प्लास्टिकची, हलकी, रव्याच्या लाडवाएवढी. "हिचं तोंड मोठं हाय," तो म्हणाला, "कमी उजेडात जास्त खाती. पण ही जवळ-लांब हुईत न्हाई. तुलाच व्हावं लागंल." आणि वर एवढंही म्हणाला की, बाजाराच्या आत एक तर ठेव, नाहीतर परत दे. दुकानदारही राहायला पेठेतच होता. शशिधरचं बघणं त्यालाही ठावं होतं.

शशिधरनं आधी स्टुडिओच्या भिंतीला वर्तमानपत्र डकवलं आणि त्याचे फोटो काढले. मधली अक्षरं टोचतील इतकी साफ आली, कोपऱ्यातली जरा निवलेली. बरं, पण लग्नात वर्तमानपत्र कोण बघतो? मग महानंदाला अंधाऱ्या माजघरात बसवलं. ती थोडा वेळ बसली, मग म्हणाली, "मी भाकरी करू का लेन्स व्हू?" आणि उठून गेली. अव्वाला बसवलं तर ती पहिल्या फोटोतच झोपली. त्याला पाहिजे होतं असं काहीतरी जिवंत, जे हलेल पण उठून जाणार नाही, आणि उजेडाला सगळ्यात अवघड असेल. मागच्या बोळातनं फुर्र आवाज आला. गुंडूची म्हैस शिंकली होती.

गुंडूच्या गोठ्याला पुढं एक दार, मागं हातभर झरोका आणि कोपऱ्यात एक ट्यूब. आत जमना. मुऱ्हा जातीची, अंगानं भरलेली, शिंगं जिलबीच्या वेढ्यासारखी वळलेली. पाडव्याला गुंडू तिला मोरपिसं लावून मोटारसायकलीमागं पळवायचा आणि ती पळायची.

"फोटो काढ," गुंडू म्हणाला, "पण कासंचा नको. नजर लागती."

"फोटो न्हाई रं. लेन्स बघालोय."

"म्हंजे म्हशीकडं बघणार न्हाईस?"

"म्हशीकडंच बघणार. पण लेन्ससाठी."

गुंडूनं बायकोकडं पाहिलं. बयाबाई धार काढत होती. "बघूद्या की," ती मान वर न करता म्हणाली. "लाथ बसंल तेव्हा दोन्हीला बसंल."

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन धोंडुबाई आली. ही वडगावच्या रुद्राप्पांची चुलतबहीण, पेठेत दिलेली. पेठेतली बातमी वडगावात आणि वडगावची पेठेत, ही ने-आण तिच्याकडं. शशिधरला गोठ्यात उकिडवा बसलेला बघून ती दारातच थांबली.

"शशी, बायकोचं फोटो सरलं व्हय रं?"

"तसं न्हाई, अक्का. वडगावच्या वखारीत दिवा लावायचा न्हाई. अंधारात काळी म्हैस दिसली, की नवरी दिसलीच म्हणून समजायचं."

धोंडुबाई काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिनं साठवलं, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण शशिधरचा डोळा कॅमेऱ्याला होता.

पहिल्या सकाळी त्यानं लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं. उजेड भरपूर आला. जमनाच्या नाकावरचा ओलावा मोजता यावा असा आला, पण नाकावर नजर बसवली की कान पावसाळ्यातल्या गगनबावड्यासारखे धुक्यात. कानावर बसवली की नाक गेलं. शिंगाच्या कडेला, दाराच्या उजेडात, एक जांभळी रेघ दिसली. पेठेत कुणालाही दिसली नसती. शशिधरला दिसली आणि त्याचा दिवस खराब गेला.

दुसरी अडचण जागेची. ह्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स जरा जास्तच जवळचं दाखवायची. अख्खी म्हैस चौकटीत मावेना. शशिधर मागं सरकला, आणखी सरकला, आणि त्याचा पाय शेणाच्या पाटीत गेला.

"आता पुढं व्हा," बयाबाई म्हणाली.

मग व्हिडिओ. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जमनाच्या अंगावरनं फिकट-गडद पट्टे वर सरकायला लागले. गुंडू डोकावून म्हणाला, "शशा, म्हशीचा झेब्रा करून ठेवलास की मर्दा." ते ट्यूबचं काम होतं. ट्यूब आपल्या डोळ्याला कळत नाही इतक्या घाईनं लुकलुकते आणि कॅमेऱ्याची उघडझाप तिच्याशी जुळली नाही की असे पट्टे पळतात. शशिधरनं उघडझापेचा वेग बदलत बदलत ते जुळवलं. झेब्र्याची पुन्हा म्हैस झाली. वखारीतही ट्यूबाच होत्या, तेव्हा हे बरं कळलं.

घरी टीव्हीला जोडून बघितलं तर आवाजात सारखी घर्र घर्र. शशिधरला वाटलं जमना रवंथ करते आहे. महानंदा चूल पुसता पुसता म्हणाली, "म्हशीच्या तोंडात गिरणी हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी त्यानं जमनाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकलं. ती बिचारी मुकाट्यानं चघळत होती. घर्र घर्र लेन्सची होती. आपोआप नजर बसवताना तिच्या आतली मोटर कुरकुरायची, आणि कॅमेरा ते इमानानं टिपून घ्यायचा. मंगलाक्षता पडताना ही गिरणी चालली, तर रुद्राप्पा हॅलोजन बरा म्हणतील.

म्हणून मोटर बंद, आणि नजर हातानं फिरवायची. लेन्सची कडी पातळ, जरा ढिली. जमना माशी हाकायला मान झटकायची की नाक पुढं यायचं, आणि शशिधरचं बोट मागं राहायचं. आधी सगळंच चुकलं. मग माशी कुठं बसते ते बघून मान कधी हलणार याचा अंदाज यायला लागला. हात कापतो म्हणून तो गोठ्याच्या खांबाला टेकला, तर चित्र आणखीनच हललं, कारण जमनाचं दावं त्याच खांबाला होतं. मग तो पेंडीच्या पोत्यावर बसला. तिथं जमलं. लेन्सचं तोंडही एक-दोन टिचक्या बारीक केलं, तशी शिंगाची जांभळी रेघ गेली आणि पाठीवरचा केस न् केस वेगळा दिसायला लागला. काळ्यातलं काळं वेगळं पडलं. भिंतीचं काळं निराळं, म्हशीचं निराळं.

आणि तरीही शशिधरचं ठरेना. चांगलं एवढं, वाईट एवढं. रात्री जेवताना तो चांगलं उजव्या बाजूला ठेवायचा आणि वाईट डाव्या, आणि भात संपेपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच.

"अप्पांना काय सांगू?"

"व्हय न्हाईतर न्हाई," महानंदा म्हणाली. "दोनच शब्द हाईत."

"मधलाबी असतोय एखादा."

"त्या मधल्यातच संसार केलाय मी. मला सांगू नका."

इकडं हे चाललेलं, आणि तिकडं धोंडुबाई वडगावला एका बारशाला गेली. तिथं पाळण्याच्या दोरीबरोबर गोष्टीही हलल्या. शशिधर म्हणाला होता, अंधारात म्हैस दिसली की नवरी दिसलीच. धोंडुबाईनं त्यातला अंधार काढून टाकला, कारण अंधारात तसाही कुणाला रस नसतो. बारशाहून बायका घरी गेल्या त्या एवढंच घेऊन, की कोल्हापूरचा फोटोवाला रुद्राप्पांच्या नातीला म्हैस म्हणाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी रुद्राप्पांची जीप स्टुडिओसमोर थांबली. पुढं रुद्राप्पा उतरले, मागनं सुष्मिता आणि धोंडुबाई. सुष्मिता कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला होती. यंत्राचे भाग तपासून बरोबर की चूक ठरवायचं काम. रुद्राप्पा काश्मीरच्या पडद्यासमोर उभे राहिले, पण फोटोसाठी नव्हे.

"शशी, आमच्या पोरीला म्हशीच्या मापानं मोजालाईस म्हणं."

आतनं अव्वानं विचारलं, "यार बंदार?" कोण आलंय, हे तिला कुणी सांगितलं नाही. महानंदा दारात येऊन उभी राहिली.

शशिधरनं धोंडुबाईकडं पाहिलं. धोंडुबाई संध्यामठाकडं बघत होती. नाही म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण नाही म्हणायलाही त्याला आधी नीट विचार करावा लागतो, आणि तेवढा वेळ नव्हता.

"बोललो, अप्पा. म्हैस बोललो, नवरीबी बोललो. पण मदी अंधार हुता, त्यो अक्कांच्या किटलीत ऱ्हायला."

"मी जे ऐकलं ते सांगितलं," धोंडुबाई म्हणाली. "माझं कान काय कॅमेरा हाईत?"

"मला ती म्हैस बघायची हाय," सुष्मिता म्हणाली.

रुद्राप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

"बघूद्या की, आज्जा. सगळं वडगाव मला म्हैस म्हणालंय. कसली हाय तेवढं तर कळूद्या."

शशिधरनं कॅमेरा टीव्हीला जोडला. पडद्यावर गोठा आला. कुठंही दिवा नाही. दारातनं आलेला सकाळचा उजेड जमनाच्या पाठीवरनं घसरत खाली येत होता. पापण्यांचे केस दिसले, नाकातनं निघालेली वाफ दिसली. बयाबाईचा हात पोटाखाली गेला आणि चरवीत धार पडल्याचा आवाज आला. माशी बसली, मान झटकली, आणि नजर मानेबरोबर फिरली. एकदा चुकली, मग सापडली.

रुद्राप्पा खुर्चीवर बसले. भांडायला आलेला माणूस आपणहून बसला, की महानंदा चहा टाकते. ती आत गेली.

"दूध किती हाय हिचं?" रुद्राप्पांनी विचारलं.

"ते गुंडूला ठावं."

"परत लाव."

परत लावलं. रुद्राप्पा पुढं वाकले. धंदा गुळाचा, पण दावणीला म्हशी त्यांच्या बापजाद्यांपासून. "थांबीव. ही डाव्या मागल्या पायावर भार देईना. बघ, धार काढताना तीनच पायांवर हुबी हाय. खुरात काय तरी हाय तिच्या."

शशिधरनं पाहिलं. इतक्या दिवसांत त्यानं शिंगाची कड पाहिली होती, पाठीचा केस पाहिला होता, आणि तो पाय पाहिलाच नव्हता. महानंदानं मागच्या दारातनं गुंडूला हाक मारली. चहा होईपर्यंत गुंडू आला, तळहातावर चिंचोक्याएवढा खडा घेऊन.

"खुराच्या फटीत हुता," तो म्हणाला. "म्हणूनच पाण्यावर जाताना दोन दिवस मागं ऱ्हायली व्हय. कुणी सांगितलं?"

"टीव्हीनं," धोंडुबाई म्हणाली. आता तिला ही बातमीही न्यायची होती.

रुद्राप्पांनी चहा बशीत ओतला. त्यांचा आवाज खाली आला होता, पण काम सोडलं नव्हतं. "म्हशीचं झालं. आता लग्नाचं सांग. ही लेन्स ठेवणार का परत देणार?"

शशिधरनं तोंड उघडलं. पेठेतल्या कुणीही सांगितलं असतं की आता "बघून सांगतो" येणार. महानंदानं तर कपबशा गोळा करायला सुरुवात केली.

"आमच्याकडं माल तपासला की दोनच शिक्के असतात, काका," सुष्मिता म्हणाली. "पास न्हाईतर रिजेक्ट. बाजूला ठेवलेल्या मालाला शिक्का नसतो, त्याला गंज लागतो. आन साखरपुड्याच्या फोटोत मला त्या राजारामपुरीच्या पोरानं पिठात घोळून काढलंय. माझीच मैत्रीण मला विचारालती, ही कोण म्हणून. मला त्यो नको. तुम्ही सांगा."

शशिधर लेन्स हातात घेऊन बसला. तिचं तोंड खिडकीकडं केलं, मग पाठ खिडकीकडं केली. मग बोलला तो कुणाकडं न बघता.

"अख्खी वखार हिच्यात मावणार न्हाई. सगळ्या घराचा मिळून फोटो जुन्या लेन्सनं बाहेर अंगणात काढावा लागंल. आत माझ्या पुढं मोकळी जागा लागंल. मी मागं सरकलो की सरकू द्यायचं, कुणी वराडी मागं खुर्ची टाकायची न्हाई. नजर हातानं बसवायची हाय, कवा कवा चुकंल. आन फुलातनं नवरी निघणार न्हाई."

"मग?" रुद्राप्पा म्हणाले.

"पास."

महानंदाच्या हातातल्या बशीवर कप वाजला. तिनं तो तसाच ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

रुद्राप्पांनी बशी खाली ठेवली. मिशी पुसली. व्यापारी माणूस सौदा ठरल्यावरही एकदा तराजू हलवून बघतो. "व्हय म्हणालास, चांगलं झालं. पण शशी, म्हशीवर चाललं म्हणून माणसांवर चालंल, हे कशावरनं?"

शशिधर म्हणाला, "जमनानं इतक्या दिवसांत एकदाबी कॅमेरा बघून मान ताठ केली न्हाई, अप्पा. तुमच्या पावण्यांनी तेवढं जमवलं, तर लेन्स कमी पडायची न्हाई."